पती-पत्नींची पत आणि गृहकर्ज : भायखळ्याच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

मुंबई शहरात घर विकत घेणे हा बहुसंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांच्या बाबतीत दोन मिळकतींचा व्यवहार होऊन बसला आहे. पती व पत्नी या दोघांचे उत्पन्न एकत्र धरले तरच कर्जाचे गणित जुळते. एकट्याच्या उत्पन्नावर जुळत नाही. अशा वेळी दोघांपैकी एकाची पतनोंद सदोष निघाली तर काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता खाजगी व किरकोळ वाटतो. कोणी म्हणेल, सदोष नोंद असलेल्याचे नाव अर्जातून वगळावे म्हणजे झाले. परंतु नाव वगळल्याबरोबर त्याचे उत्पन्नही हिशेबातून वगळले जाते, बहुधा घरावरील मालकीतूनही त्याला बाजूस राहावे लागते, आणि पुढे वारसा, विभक्तता किंवा दिवाळखोरी यांपैकी काही उद्‌भवल्यास त्या एका वगळण्याचे परिणाम दूरवर पोहोचतात. उलट नाव ठेवले तर व्याजाचा दर चढतो, कदाचित अर्जच नामंजूर होतो.

प्रस्तुत लेखात या पेचाची उकल अर्थशास्त्र व कायदा या दोन्ही अंगांनी करावयाची आहे. उदाहरणासाठी भायखळ्याचा परिसर घेतला आहे. पागडीची खोली, उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास आणि नव्या उत्तुंग इमारतीतील सदनिका हे घराचे तिन्ही प्रकार तेथे एकाच रस्त्यावर आढळतात, आणि प्रत्येक प्रकारात हा प्रश्न निराळे रूप घेतो.

२. पत आणि ऐपत

मराठीत ‘पत’ आणि ‘ऐपत’ हे शब्द कानाला जवळचे वाटतात. अर्थाने ते भिन्न आहेत. ऐपत म्हणजे फेडण्याचे सामर्थ्य. पत म्हणजे तो फेडील असा इतरांना वाटणारा विश्वास. ऐपत असून पत नसणे आणि पत असून ऐपत नसणे, ही दोन्ही उदाहरणे व्यवहारात सापडतात. सावकार असो वा बँक असो, धनकोला दोन्हींची खात्री हवी असते.

भायखळा, घोडपदेव, आग्रीपाडा, माझगाव या पट्ट्यात गिरणीकामगारांची दाट वस्ती होती. भायखळ्याची खटाव गिरणी ही त्या वस्तीच्या चरितार्थाच्या आधारांपैकी एक. त्या काळी कामगाराची पत गल्लीपुरती असे. वाण्याचे खाते, खानावळीची उधारी आणि सावकाराचे कर्ज यांच्या नोंदी त्या त्या माणसाच्या वहीत व स्मरणात राहत. मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाच्या पाहणीत रुपयाला दरमहा एक आणा हा व्याजाचा रूढ दर नमूद आहे. वर्षाचा हिशेब केला तर तो ७५ टक्के होतो. दर जबर होता, पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट अशी होती की धनको ऋणकोला ओळखत असे. आजारपणामुळे हप्ता थकला की लबाडीने थकला, हे त्याला कळे. शिवाय गल्ली बदलली की जुनी अपकीर्तीही मागे पडे.

आजची पतनोंद याच्या उलट आहे. देशात ‘सिबिल’ ही संस्था २००० साली स्थापन झाली आणि २००५ च्या पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियमाने या व्यवसायाला कायद्याची चौकट मिळाली. सध्या ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन व क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या हे काम करतात. बँका, सहकारी बँका व वित्तकंपन्या आपल्या प्रत्येक ऋणकोच्या परतफेडीची माहिती त्यांना पुरवितात. १ जानेवारी २०२५ पासून ती किमान दर पंधरवड्याला पुरविणे बंधनकारक आहे. त्या माहितीवरून ३०० ते ९०० या दरम्यानचा एक अंक काढला जातो. लोकव्यवहारात त्यालाच ‘सिबिल स्कोअर’ किंवा नुसते ‘सिबिल’ म्हणतात.

या अंकाला कारणे कळत नाहीत. पगार थांबल्याने क्रेडिट कार्डाची रक्कम थकली, मित्राला जामीन राहिल्याने त्याची थकबाकी आपल्या नावावर आली, फोनवरून घेतलेले लहानसे कर्ज विसरले गेले, किंवा बँकेने जुने खाते बंद झाल्याची नोंदच पाठविली नाही, या चारही गोष्टींचा परिणाम एकाच दिशेने होतो. म्हणून ‘सदोष पत’ हा शब्दप्रयोग वापरताना तिचे तीन वर्ग करणे आवश्यक ठरते : खऱ्या थकबाकीमुळे खालावलेली पत, चुकीच्या नोंदीमुळे खालावलेली पत, आणि कधीच कर्ज न घेतल्यामुळे मुळी नोंदच नसणे. तिसरा वर्ग गृहिणींच्या बाबतीत विशेषकरून आढळतो. नोंद नसणे म्हणजे पत वाईट असणे नव्हे. केवळ पूर्वीचा पतइतिहास नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज बँकांनी फेटाळू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. या तिन्ही वर्गांवरील उपाय निरनिराळे आहेत, आणि ते एकत्र मिसळले गेल्यामुळेच पुष्कळ अर्ज बिघडतात.

३. विवाहाने ऋण जोडले जाते काय?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रापुरते स्पष्ट आहे : नाही. विवाह झाल्याने एका जोडीदाराचे कर्ज दुसऱ्याचे होत नाही आणि एकाची पतनोंद दुसऱ्याच्या नोंदीत मिसळत नाही. ज्यांना १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा अधिनियम लागू आहे त्या स्त्रियांची स्वतःची कमाई ही त्यांचीच स्वतंत्र मालमत्ता, असे तत्त्व त्या अधिनियमाने दीडशे वर्षांपूर्वी मांडले. हिंदू स्त्रीच्या बाबतीत १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने तिच्या ताब्यातील मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. पतीने विवाहापूर्वी वा नंतर एकट्याच्या सहीने केलेले कर्ज पत्नीच्या मिळकतीतून वसूल करता येत नाही, आणि उलटही तसेच.

ही स्थिती सर्वत्र सारखी नाही, हे शेजारच्या गोव्याकडे पाहिले असता ध्यानात येते. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा म्हणून, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसल्यास, पती-पत्नींच्या मालमत्तेचा समाईक संच मानला जातो व त्यात दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा असतो. स्थावर मालमत्तेची विल्हेवाट लावावयाची तर दोघांचीही संमती लागते. त्यामुळे ‘एकाला वगळून दुसऱ्याने कर्ज काढावे’ हा मार्ग तेथे मुंबईइतका सरळ उरत नाही. अमेरिकेतील ज्या राज्यांत अशीच समाईक मालमत्तेची पद्धत आहे तेथे सरकारी हमीच्या गृहकर्जासाठी अर्ज करताना, अर्जात नसलेल्या जोडीदाराचीही देणी हिशेबात धरतात. इंग्लंडात विवाहाने पतनोंदी जोडल्या जात नाहीत. परंतु दोघांनी मिळून एखादे खाते वा कर्ज घेतले की त्या एकमेकींशी जोडल्या जातात.

आपल्याकडील तत्त्व यांपैकी कोणत्याही पद्धतीपेक्षा साधे आहे. दोघांना बांधते ती सही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या ४३ व्या कलमानुसार संयुक्त वचन देणाऱ्यांपैकी कोणाही एकाकडून धनको संपूर्ण रकमेची मागणी करू शकतो. ज्याने भरली त्याने इतरांकडून त्यांचा वाटा मागावा. १२८ व्या कलमानुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. म्हणजे ‘मी फक्त सही केली, हप्ते त्यांनी भरावयाचे होते’ हे म्हणणे बँकेपुढे टिकत नाही. विवाह मोडला तरी ही जबाबदारी मोडत नाही, कारण ती विवाहातून उत्पन्न झालेली नसते. घटस्फोटाच्या हुकुमात हप्ते कोणी भरावेत हे ठरलेले असले तरी बँक त्या वाटणीला बांधील नसते, आणि थकलेला हप्ता दोघांच्याही पतनोंदीत उमटतो.

४. चार भूमिका

कर्जविषयक चर्चेत ‘नाव घालणे’ हा एकच शब्दप्रयोग चार निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि तेथूनच गोंधळास प्रारंभ होतो. या चार भूमिका वेगळ्या केल्या पाहिजेत.

पहिली भूमिका मालकाची. खरेदीखतात किंवा करारात ज्याचे नाव तो मालक. दुसरी भूमिका ऋणकोची. कर्जाच्या करारावर ज्याची सही तो ऋणको. त्याचे उत्पन्न व त्याची पतनोंद दोन्ही तपासली जातात. तिसरी जामीनदाराची. त्याचे उत्पन्न सामान्यतः कर्जाची रक्कम वाढविण्यास उपयोगी पडत नाही, पण जबाबदारी मात्र पूर्ण येते व कर्ज त्याच्या नोंदीत दिसते. चौथी भूमिका रहिवाशाची व भावी वारसाची. तिला ना सही लागते ना पत.

बँकांचा सर्वसाधारण रिवाज असा की, प्रत्येक सहमालकाने सहऋणको झालेच पाहिजे. मात्र प्रत्येक सहऋणकोने सहमालक असावे असा आग्रह नसतो. यामागील कारण तारणाच्या स्वरूपात आहे. मुंबईत गृहकर्जासाठी बहुधा मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५८ व्या कलमातील हक्कलेख ठेवून करावयाचे गहाण वापरतात. मालमत्तेत हिस्सा असलेली एखादी व्यक्ती गहाणात सामील नसेल तर तिचा हिस्सा तारणातून सुटतो. २००२ च्या सरफेसी अधिनियमाखाली, खाते थकीत झाल्यावर साठ दिवसांची नोटीस देऊन बँकेला ताबा व विक्रीची कारवाई न्यायालयाबाहेर करता येते. त्या वेळी अर्धवट तारण धनकोच्या उपयोगी पडत नाही.

या रिवाजाचा परिणाम असा होतो की, सदोष पत असलेल्या जोडीदाराला ऋण टाळावयाचे असेल तर मालकीही सोडावी लागते. उलट मालकी हवी असेल तर त्याच्या पतनोंदीची झडती टळत नाही.

मालकी सोडणे म्हणजे सर्वस्व गमावणे असे मात्र नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेत, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, सदनिकेत मालकी हिस्सा नसलेल्या पती वा पत्नीस सभासदाच्या लेखी शिफारशीने सहयोगी सभासद होता येते व सभासदाच्या पूर्वसंमतीने संस्थेच्या कामकाजात भाग घेता येतो. मृत्यूनंतर वारसाहक्क आहेच; तो ज्याच्या त्याच्या वैयक्तिक कायद्यानुसार चालतो. भायखळ्यासारख्या बहुधर्मी वस्तीत हा भेद महत्त्वाचा आहे. हिंदू पतीच्या पश्चात पत्नी, मुले व पतीची आई यांना समान वाटा मिळतो; मुसलमान विधवेला मुले असल्यास एक अष्टमांश व नसल्यास एक चतुर्थांश; ख्रिस्ती विधवेला वंशज असल्यास एक तृतीयांश. दोघांनी मिळून हप्ते फेडलेले घर एकट्याच्या नावावर असले तर मागे राहणाऱ्याच्या हाती येणारा भाग हा एवढाच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक अधिनियमाने पत्नीला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मालकीत नाव असो वा नसो. परंतु तो हक्क कुटुंबीयांविरुद्ध आहे, त्याने बँकेचे तारण निष्फळ होत नाही.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्याच्या डोक्यावर इतर कर्जे आहेत त्याचे नाव मालकीत घातल्यास, त्याच्या अन्य धनकोंना दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा मिळवून घरातील त्याच्या हिश्श्यावर जप्ती आणण्याचा मार्ग मोकळा होतो. अशा वेळी एकट्या निष्कर्ज जोडीदाराच्या नावावर घर असणे कुटुंबाच्या संरक्षणाचेच ठरते. पतीने आपल्या ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या नावे घर घेणे बेनामी ठरत नाही. बेनामी व्यवहारांच्या कायद्यात त्याला स्पष्ट अपवाद आहे. मात्र धनकोंना बुडविण्याच्या हेतूने केलेले हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५३ व्या कलमाखाली रद्द करून घेता येते. संरक्षण आणि लपवाछपवी यांतील सीमारेषा ही आहे.

५. भायखळ्यातील घरांचे तीन प्रकार

वरील तत्त्वे प्रत्यक्ष घरांना लावून पाहू.

पागडीची खोली. येथे भाडेकरू मालक नसतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने पागडीच्या देवघेवीला वैधता दिली असली तरी जमीन व इमारत घरमालकाचीच राहते. भाडेकरूकडे गहाण ठेवण्याजोगा हक्कलेख नसल्याने बँका अशा खोलीवर सहसा गृहकर्ज देत नाहीत. त्यामुळे पागडी घेणारे कुटुंब वैयक्तिक कर्ज, सोनेतारण किंवा पतपेढी यांकडे वळते. वैयक्तिक कर्जाची मुदत आखूड व व्याज अधिक. त्यामुळे हप्ता मोठा. तो थकला की पत खालावते, आणि काही वर्षांनी जेव्हा खरे गृहकर्ज मिळविण्याची संधी येते तेव्हा ही जुनी थकबाकी आडवी येते. पागडीच्या घरांतील पुष्कळ सदोष नोंदींचे मूळ या क्रमात शोधता येईल.

उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास. मुंबई शहर बेटावरील ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर, त्या वर्षीच्या कायद्यान्वये दुरुस्तीसाठी उपकर बसविण्यात आला. अशा इमारतींची मूळ संख्या १९,६४२ होती. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) या तरतुदीखाली त्यांचा पुनर्विकास झाल्यास पात्र निवासी भाडेकरूस किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राची सदनिका विनामूल्य व मालकी हक्काने मिळते. याहून अधिक जागा हवी असल्यास वाढीव क्षेत्र विकत घ्यावे लागते, आणि त्यासाठी गृहकर्ज लागते.

या प्रकारात नाव वगळण्याचे स्वातंत्र्यच उरत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. भाडेपावती बहुधा पतीच्या किंवा त्याच्या वडिलांच्या नावाची असते. साहजिकच पर्यायी जागेचा करारही त्याच नावाने होतो. समजा पतीची पतनोंद सदोष आहे व पत्नीची चांगली आहे. पत्नी एकटी कर्ज काढू शकत नाही, कारण सदनिका तिची नाही. पती सामील झाला की त्याची नोंद तपासली जाते. येथे विचार करावयाची वेळ करारापूर्वीची असते. घरमालक व विकासक यांच्या संमतीने कराराआधी पत्नीचे नाव समाविष्ट होऊ शकते काय, वाढीव क्षेत्राची खरेदी कितपत निकडीची आहे, आणि इमारत उभी राहण्यास लागणाऱ्या वर्षांत पतीची नोंद सुधारता येईल काय, हे तीन प्रश्न पुनर्विकासाची बोलणी सुरू होताच विचारले गेले पाहिजेत. इमारत पाडून पुन्हा उभी राहीपर्यंतची वर्षे ही गैरसोयीची खरी. पण पत सावरण्यासाठी इतकी मुदत दुसऱ्या कोणत्याही खरेदीदाराला मिळत नाही.

नवी सदनिका. येथे नाव निवडण्याचे स्वातंत्र्य पूर्ण असते. मुंबईत घरखरेदीवर ६ टक्के मुद्रांक शुल्क आहे. १ एप्रिल २०२१ पासून निवासी घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास त्यात १ टक्क्याची सवलत मिळते. पतीचे नाव जोडल्यास ही सवलत मिळत नाही. म्हणजे पतीची पत सदोष असेल व पत्नीची ऐपत पुरेशी असेल तर एकटीच्या नावे खरेदी करण्यास शासनाचीही मदत होते. मात्र इसाराची रक्कम देण्यापूर्वी दोघांचेही पत-अहवाल काढून पाहणे आवश्यक आहे. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने विकासकास मनाई केली आहे. जुन्या घराच्या खरेदीत असे कवच नाही. इसार देऊन झाल्यावर कर्ज नाकारले गेले तर तो परत मिळण्याची शाश्वती नसते.

६. एक हिशेब

नाव ठेवावे की वगळावे, हे बव्हंशी अंकगणितावर ठरते. त्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. घराची किंमत ७५ लाख रुपये. पत्नीचे हाती येणारे उत्पन्न दरमहा ६०,००० रुपये व पतनोंद उत्तम. पतीचे उत्पन्न ७०,००० रुपये, परंतु नोंद सदोष व चालू कर्जांचे हप्ते १०,००० रुपये. उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत एकूण हप्ते चालतील असे बँक मानते, असे धरू. मुदत २० वर्षे. चांगल्या नोंदीस व्याज ८.५० टक्के व सदोष नोंद असलेल्या संयुक्त अर्जास ९.२५ टक्के समजू. ८.५० टक्क्यांनी लाख रुपयांस दरमहा सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो, ९.२५ टक्क्यांनी सुमारे ९१६ रुपये.

पत्नीने एकटीने अर्ज केला तर ३०,००० रुपयांचा हप्ता मान्य होईल व कर्ज सुमारे साडेचौतीस लाख मिळेल. उरलेले साडेचाळीस लाख स्वतःजवळ हवेत. संयुक्त अर्ज केला तर एकूण १,३०,००० च्या निम्मे ६५,०००, त्यातून चालू हप्ते १०,००० वजा जाता ५५,००० उरतात, त्यावर ९.२५ टक्क्यांनी सुमारे ६० लाख मिळतील. रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेनुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जास घराच्या किमतीच्या ८० टक्के इतकीच रक्कम देता येते. ७५ लाखांचे ८० टक्के म्हणजेही ६० लाखच. स्वतःचे १५ लाख, शिवाय मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च, कारण तो एवढ्या मोठ्या कर्जात किमतीत धरला जात नाही.

आता ६० लाखांवर दोन दरांतील फरक पाहू. ८.५० टक्क्यांनी हप्ता सुमारे ५२,०७० रुपये, ९.२५ टक्क्यांनी सुमारे ५४,९५० रुपये. महिन्याला २,८८० रुपयांचा, वीस वर्षांत सुमारे ६ लाख ९० हजारांचा फरक. सदोष पतीची किंमत म्हणावयाची ती हीच. ती लहान नाही. पण पत्नीने एकटीने अर्ज केल्यास पडणारी साडेपंचवीस लाखांची तूट तिच्याहून पुष्कळ मोठी आहे. ज्या कुटुंबाजवळ पुंजी नाही त्याच्या दृष्टीने वाढीव व्याज हा दुय्यम प्रश्न आहे. अर्ज मंजूर होणे हा मुख्य.

तिसरा पर्याय थांबण्याचा. दोन वर्षे थांबून पतीने आपली देणी फेडली व नोंद सुधारली असे मानू. या अवधीत घराच्या किमती वर्षाला ५ टक्क्यांनी वाढल्या तर ७५ लाखांचे घर सुमारे ८२ लाख ७० हजारांचे होईल. म्हणजे ७ लाख ७० हजारांनी महाग. वाचलेले व्याज वीस वर्षांत पसरलेले, वाढलेली किंमत आजच द्यावयाची. या गृहीतांवर थांबणे किफायतशीर ठरत नाही. किमती स्थिर राहिल्या तर मात्र पारडे फिरते. शिवाय अर्ज नामंजूर होण्याची शक्यता मोठी असेल तर थांबण्यावाचून गत्यंतर नाही. वारंवार ठिकठिकाणी अर्ज केल्याने प्रत्येक चौकशीची नोंद अहवालात होते व पत आणखी खालावते.

आणखी एक मुद्दा. व्यक्तींना दिलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड आकारता येत नाही. त्यामुळे आज चढ्या दराने संयुक्त कर्ज घेऊन, पुढे दोघांची नोंद निर्मळ झाल्यावर दर कमी करून मागणे किंवा कर्ज दुसऱ्या बँकेकडे नेणे शक्य असते. चढा दर वीस वर्षांची शिक्षा मानण्याचे कारण नाही. त्यासाठी अट एकच : मधल्या काळात एकही हप्ता चुकता कामा नये. चुकला तर आतापर्यंत निष्कलंक असलेली दुसऱ्याची नोंदही बिघडते, आणि कुटुंबात पतीला पर्यायी असा एकही धनी उरत नाही.

७. नोंद सुधारण्याचे मार्ग

सुधारणेचा मार्ग दोषाच्या वर्गावर अवलंबून आहे. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावयाचा असतो. चार कंपन्या असल्याने चार अहवाल मिळतात, आणि ते एकमेकांशी जुळतातच असे नाही.

नोंद चुकीची असेल तर संबंधित बँकेकडे किंवा पतमाहिती कंपनीकडे तक्रार करावी. तीस दिवसांत निवारण न झाल्यास तक्रारदारास दररोज १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फेडलेल्या कर्जाचा बेबाकी दाखला जपून ठेवलेला असेल तर काम पुष्कळ सोपे होते.

थकबाकी खरी असेल तर ती पूर्ण फेडणे व तडजोडीने मिटविणे यांतील फरक समजून घेतला पाहिजे. तडजोडीत बँक काही रक्कम सोडून देते, पण नोंदीत ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो, आणि पुढील धनको त्याचा अर्थ ‘याने पूर्वी पूर्ण फेड केली नाही’ असाच लावतो. आज वाचलेले काही हजार रुपये उद्या गृहकर्जाच्या दरात द्यावे लागतात. पुढे गृहकर्ज घेण्याचा विचार असेल तर शक्यतो पूर्ण फेड करून तसा दाखला घ्यावा.

नोंदच नसेल तर लहान प्रमाणावर ती निर्माण करावी. मुदतठेवीच्या तारणावर मिळणारे क्रेडिट कार्ड नियमित फेडीने चालविल्यास काही महिन्यांत नोंद तयार होते.

अर्जाच्या वेळी दोष लपविणे निष्फळ असते, कारण अहवाल बँकेपुढे असतोच. थकबाकी केव्हा व का झाली, ती कशी फेडली, याचे कागदपत्रांसह लेखी स्पष्टीकरण अर्जासोबत जोडणे हितावह ठरते. गल्लीतला सावकार जे न सांगता जाणत होता, ते आता ऋणकोला स्वतः लिहून सांगावे लागते.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसते की, एका जोडीदाराची पत सदोष असताना गृहकर्जाचा निर्णय घेण्याचे कोणतेही एक सर्वमान्य सूत्र नाही. क्रम मात्र सांगता येतो. प्रथम दोघांचे अहवाल इसाराच्या आधी पाहावेत व दोष कोणत्या वर्गातला हे ठरवावे. नंतर मालक, ऋणको, जामीनदार व वारस या भूमिका वेगळ्या करून प्रत्येकीत कोणाचे नाव असावे याचा स्वतंत्र विचार करावा. त्यानंतर एकट्याचा अर्ज, संयुक्त अर्ज व थांबणे या तिन्हींचा हिशेब मांडावा. एकट्याच्या नावे घर घेण्याचे ठरल्यास, ज्याचे नाव वगळले त्याच्या हितासाठी मृत्युपत्र वा सहयोगी सभासदत्व यांची तजवीज त्याच वेळी करावी. ती पुढे ढकलली की राहून जाते.

अभ्यासकांच्या दृष्टीने या प्रश्नात एक मोठा विषय दडलेला आहे. शासन म्हाडाच्या सोडतीत उत्पन्नगट ठरविताना पती व पत्नी यांचे उत्पन्न एकत्र धरते, म्हणजे कुटुंबाला एक घटक मानते. पतनोंदीची व्यवस्था व्यक्तीला घटक मानते. बँक ऐपत मोजताना कुटुंबाकडे पाहते आणि पत मोजताना व्यक्तीकडे. अर्थशास्त्रात ‘कुटुंब’ हा शब्द आपण सहजपणे एकक म्हणून वापरतो; एका घराचे कर्ज मागू गेलेले जोडपे त्या एककाची शिवण कोठे उसवते ते दाखवून देते. भायखळ्यातील जुन्या चाळींचे पुनर्वसन पुढील काळात जसजसे होत जाईल, तसतशी भाडेपावतीवरील एका नावाची जागा मालकीच्या करारातील एक किंवा दोन नावे घेतील. ती नावे कोणत्या कारणांनी ठरली, आणि त्यांत पतनोंदीचा वाटा किती होता, हे नोंदवून ठेवण्याची वेळ करारांवर सह्या होण्यापूर्वीची आहे.